उजनी, ऊस आणि एफ ऑफ एक्स

दहावीला गणितात ऐंशी-नव्वद मार्क पाडणारी बरीच मुलं अकरावीच्या पहिल्या सहा महिन्यांत गणिताला घाबरायला लागतात. हे मी कित्येक वर्षं बघतोय. आमच्या घरात बघतोय, पुण्यात शेजारी बघतोय, दिवाळीला केमला गेलो की तिथेही बघतोय. कारण विचारलं की ठरलेली उत्तरं मिळतात. माध्यम बदललं, पोर्शन फार आहे, क्लासवाले पळवतात, मोबाईलने वाटोळं केलं. सगळी थोडी थोडी खरी आहेत. पण माझा संशय एका धड्यावर आहे. त्या धड्याचं नाव 'फंक्शन्स'.

आधीच सांगतो, मी शिक्षक नाही. पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि सुट्टीत भाचे-पुतण्यांची गणितं बघतो, एवढाच माझा अधिकार. तेव्हा शिक्षक मंडळींनी रागावू नये. (आमच्या घरात तीन शिक्षक आहेत आणि तिघंही हे वाचतात, म्हणून हे वाक्य.)

तर तो धडा कसा सुरू होतो बघा. ए आणि बी असे दोन रिकामे नसलेले संच घ्या. ए मधल्या प्रत्येक घटकाला बी मधला एक आणि एकच घटक जोडणारा जो संबंध, त्याला फंक्शन म्हणतात. मग दोन लांबट गोल काढायचे, त्यांत ठिपके द्यायचे, एकातून दुसऱ्याकडे बाण मारायचे. पुढच्या पानावर एफ ऑफ एक्स बरोबर टू एक्स प्लस थ्री, तर एफ ऑफ फाईव्ह काढा. मुलगा पाच घालतो, तेरा काढतो, बरोबर येतं. पण हे सगळं कशासाठी चाललंय ते त्याला कळत नाही, आणि तो विचारतही नाही, कारण उत्तर तर बरोबर आलंय.

त्या व्याख्येत काही चूक नाही. अतिशय चोख व्याख्या आहे, एक शब्द इकडचा तिकडे करता येणार नाही. माझं म्हणणं एवढंच की ती शेवटी यायला हवी. शेकडो वर्षं लोक फंक्शनं वापरत होते, मग त्यांना नाव मिळालं, मग १८व्या शतकात ऑयलरने एफ ऑफ एक्स ही खूण रूढ केली, आणि संचांच्या भाषेतली ही व्याख्या तर त्याच्याही नंतरची. जे माणसाला सगळ्यात उशिरा सुचलं ते आपण सोळा वर्षांच्या मुलाला सगळ्यात आधी देतो.

मराठीत फंक्शनला फल किंवा फलन म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. आपल्या जुन्या गणितात त्रैराशिक होतं. आर्यभटाने ४९९ साली ते सांगितलं, भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीत त्याची कितीतरी उदाहरणं आहेत. त्यातले शब्द बघा: प्रमाण, फल, इच्छा आणि इच्छाफल. पाच शेर तांदळाला अमुक दाम, तर आठ शेराला किती? इथे आठ ही तुमची इच्छा आणि जे दाम निघेल ते इच्छाफल. तुम्ही इच्छा बदला, फल बदलेल. एफ ऑफ एक्समधला एक्स म्हणजे इच्छा, आणि बाहेर पडतं ते इच्छाफल. हे कुणी मला अकरावीत सांगितलं असतं तर एक आठवडा वाचला असता.

आता केमकडे येतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: केम हे सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातलं गाव. केम म्हटलं की लोकांना कुंकू आठवतं, उत्तरेश्वराचं देऊळ आठवतं आणि रेल्वे आठवते. दौंड-सोलापूर मार्गावर एका बाजूला जेऊर, दुसऱ्या बाजूला कुर्डुवाडी आणि मधे आम्ही.

रेल्वेपासूनच सुरुवात करू. आमची लाईन पुष्कळ वर्षं एकेरी होती. त्यामुळे 'क्रॉसिंग' हा शब्द केममधल्या पोराला पाढ्यांच्या आधी कळायचा. समोरून एक्स्प्रेस येतेय, म्हणून पॅसेंजर स्टेशनात उभी. किती वेळ? ती येईपर्यंत. हे सगळं जुळवणारा माणूस कंट्रोल ऑफिसात बसलेला असतो आणि त्याच्यापुढे एक तक्ता असतो. पूर्वी हा तक्ता कागदावर पेन्सिलीने काढत, आता कॉम्प्युटरवर असतो. आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. असे तक्ते फ्रान्समध्ये १९व्या शतकातच वापरात होते.

फंक्शनच्या धड्यातलं निम्मं सामान या एका तक्त्यात आहे. गाडी जोरात असेल तर रेघ उभट होते, रमतगमत चालली असेल तर आडवी होते. हाच तो रेषेचा चढ. गाडी केमला दहा मिनिटं थांबली तर रेघ दहा मिनिटं सपाट. दोन गाड्यांच्या रेघा एकमेकींना छेदतात तिथे क्रॉसिंग, आणि एकेरी मार्गावर तो छेद कुठल्यातरी स्टेशनच्याच ओळीवर यायला हवा, नाहीतर काय होईल ते सांगायला नको. दहावीत आपण दोन चलांतील रेषीय समीकरणं आलेखाने सोडवतो ना, तेच हे. फक्त इथे उत्तराला 'केम' म्हणतात.

आता विचारा, या तक्त्यावर सरळ खाली जाणारी उभी रेघ असू शकते का? कुठलंही पोर सांगेल, नाही. उभी रेघ म्हणजे एकाच क्षणी गाडी जेऊरलाही आहे आणि कुर्डुवाडीलाही आहे. "प्रत्येक घटकाला एक आणि एकच घटक" म्हणतात ते हेच. एका वेळेला गाडीची एकच जागा. उलट विचारलं, "गाडी केमला किती वाजता होती?" तर उत्तर एक नाही, ७ वाजून १० मिनिटांपासून ७ वाजून २० मिनिटांपर्यंत होती. म्हणजे वेळेवरून जागा सांगता येते, पण जागेवरून वेळ एकच अशी सांगता येत नाही. अकरावी-बारावीत 'इन्व्हर्स कधी असतो, कधी नसतो' यावर मुलं पानं पाठ करतात. ते सगळं त्या दहा मिनिटांच्या थांब्यात आहे. (आता मार्ग दुहेरी झालाय, क्रॉसिंगची मजा गेली. पण तक्ता आहेच.)

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र उजनीचं.

२०२४ च्या मे महिन्यात गावी होतो. भाच्याची दहावी नुकतीच झाली होती. उन्हाळा असा की संध्याकाळी सगळ्यांच्या तोंडी एकच विषय, धरण किती खाली गेलं. मोबाईलवर बातमी आली, उजनी वजा पन्नासच्या पुढे. भाचा म्हणाला, "मामा, पाणी वजा कसं आसंल? धरणात पाणी हाय का न्हाय?" आमचे अण्णा बाजेवरून म्हणाले, "अरं, मेलेलं पाणी धरत न्हाईत त्यात." पोरगं आणखी गोंधळलं. मेलेलं पाणी!

अण्णांचं उत्तर अगदी बरोबर होतं. उजनीत सुमारे ६३.६६ टीएमसी हा मृतसाठा. म्हणजे एवढं पाणी असतं तेव्हा धरण बातमीत शून्य टक्के असतं. त्याच्यावरचा ५३.५७ टीएमसी हा उपयुक्त साठा. तो पूर्ण भरला की एकूण ११७.२३ टीएमसी आणि बातमीत शंभर टक्के. (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये साधारण २,८३१ कोटी.) आता धरणातल्या एकूण पाण्याला क्ष म्हणा आणि बातमीतल्या टक्क्यांना य म्हणा. क्ष मधून ६३.६६ वजा करा, ५३.५७ ने भागा, शंभराने गुणा. मिळालं य. हे झालं फल.

त्या संध्याकाळी आम्ही जुन्या वहीच्या मागच्या पानावर कोष्टक केलं. क्ष ११७.२३ तर य १००. क्ष ६३.६६ तर य शून्य. क्ष ३१.५ तर य वजा ६०. म्हणजे 'वजा साठ' ऐकून आपण हाय खातो तेव्हाही धरणात साडेएकतीस टीएमसी पाणी असतं. मग मी विचारलं, धरण खरोखर निम्मं भरलेलं असतं तेव्हा बातमीत किती टक्के येईल? भाचा लगेच म्हणाला, पन्नास. म्हटलं, करून बघ. एकूण ११७.२३ च्या निम्मे ५८.६. उत्तर आलं वजा ९.४! पोरगं हसायलाच लागलं. धरण निम्मं भरलेलं आणि बातमीत वजा. मग त्याने आपणहून उलटं केलं, बातमीत पन्नास टक्के म्हणजे धरणात किती? ९०.४ टीएमसी. म्हणजे तीनचतुर्थांशाच्याही वर.

मग खरा प्रश्न. हा आकडा जास्तीत जास्त किती खाली जाईल? सगळ्यांना वाटतं वजा शंभर. पण क्ष शून्य घालून बघा, वजा ११८.८ येतं. आणि वर? पाऊस चांगला झाला की उजनी एकशेदहा टक्क्यांच्या पुढेही भरते, तेव्हा एकूण पाणी १२३ टीएमसीच्या आसपास असतं. त्यापुढे सोडून द्यावं लागतं. म्हणजे क्ष ला शून्य ते १२३ इतकीच मोकळीक, आणि य वजा ११९ ते अधिक १११ च्या आतच फिरणार. पुढे दिवाळीत हाच भाचा डोमेन आणि रेंज घेऊन माझ्याकडे आला. पुस्तकातली व्याख्या त्याला येत होती, अर्थ लागत नव्हता. मी म्हटलं, उजनी आठव. दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, "म्हंजी डोमेन शून्य ते एकशेतेवीस?" मला पुढे काही बोलावं लागलं नाही.

अजून आहे. पावसाळ्यात दुसरी बातमी असते, दौंडहून उजनीत इतके क्युसेक येतायत. एक लाख क्युसेक दिवसभर येत राहिलं तर ८.६४ टीएमसी जमा होतात. एक टीएमसी म्हणजे १.८७ टक्के. म्हणजे खाली काही सोडलं नाही तर एका दिवसात सोळा टक्के. क्युसेकवरून टीएमसी, टीएमसीवरून टक्के. एका फलाचं उत्तर दुसऱ्या फलाच्या तोंडात घालायचं. पुस्तकात याला कॉम्पोझिट फंक्शन म्हणतात आणि ती गोल टिकली असलेली खूण बघून मुलं दचकतात. पण आमच्या पारावरचे म्हातारे ते रोज जुलै-ऑगस्टमध्ये तोंडी करतात. "दौंडचा विसर्ग टिकला तर आयतवारपातुर अधिकमध्ये येतंय बघ."

आणि सगळं सरळ रेषेतच असतं असंही नाही. उजनीची पातळी ४९१.०३ मीटर असते तेव्हा शून्य टक्के आणि ४९६.८३ मीटरला शंभर टक्के. म्हणजे वरच्या फक्त ५.८० मीटरमध्ये ५३.५७ टीएमसी मावतं, आणि खालच्या सगळ्या खोलीत मिळून ६३.६६. कारण धरण वर परातीसारखं पसरत जातं. तळाशी एक मीटर पाणी वाढलं तर थोडंच वाढतं, वर एक मीटर वाढलं तर प्रचंड. याचा आलेख काढला तर रेघ वर जाता जाता उभी होत जाते. हेच घरात बघायचं तर नळाखाली घागर ठेवा. पोटापाशी पाणी हळूहळू चढतं, गळ्यापाशी सर्रकन. बादलीचा आलेख कसा, परातीचा कसा, घागरीचा कसा, असं विचारलं तर सहावीतली पोरंसुद्धा हवेत बोट फिरवून दाखवतात. एफ ऑफ एक्स हा शब्दही न उच्चारता.

तिसरं उदाहरण उसाचं. सोलापूर जिल्ह्यात हा विषय काढला की माणूस चहा विसरतो. केंद्र सरकार दर हंगामाला एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर ठरवतं. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. उतारा ०.१ टक्क्याने वाढला तर ३४ रुपये ६० पैसे जास्त, कमी झाला तर तेवढेच कमी. पण उतारा साडेनऊ किंवा त्याहून खाली गेला तरी दर ३,२९०.५० च्या खाली जात नाही.

हे फल दोन तुकड्यांचं आहे. साडेनऊपर्यंत सपाट, पुढे चढती रेघ. जिथे ती मोडते तो कोपरा. पीसवाईज फंक्शन म्हणून पुस्तकात हेच येतं, फक्त तिथे महिरपी कंस असतो आणि त्यातल्या आकड्यांना कुठलंच गाव नसतं. आता प्रश्न विचारा. ८.८ उतारा असलेल्या कारखान्याचा दर आणि ९.४ वाल्याचा दर यांत फरक किती? काहीच नाही. ११ उतारा असेल तर? ३,८०९ रुपये ५० पैसे. कोल्हापूरकडे उतारा जास्त, म्हणून तिकडचा शेतकरी चढत्या भागावर वर असतो आणि आपण कोपऱ्याच्या जवळ. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, म्हणजे सगळी रेघ तशीच खाली सरकते. आलेख वर-खाली सरकवणं म्हणजे काय, हे यापेक्षा सोपं कसं सांगणार? आणि उतारा धरतात तो कारखान्याचा सरासरी, तुमच्या एकट्या वावराचा नाही, हेही त्याच चर्चेत निघतं.

ही काही नवीन कल्पना नाही बरं का. जर्मनीत फेलिक्स क्लाइन नावाच्या मोठ्या गणितज्ञाने आणि त्याच्या बरोबरच्यांनी १९०५ साली मेरान इथल्या अभ्यासक्रमात सांगितलं होतं की शाळेच्या गणिताच्या मध्यभागी फंक्शनची दृष्टी हवी. आपल्याकडेही आठवीला 'चलन' म्हणून धडा आहे, समचलन आणि व्यस्तचलन. धडा चांगला आहे. पण परीक्षा झाली की तो तिथेच राहतो, आणि तीन वर्षांनी फंक्शन्स आलं की मुलाला वाटतं हे काहीतरी वेगळंच.

आता तंत्रज्ञानाचं. आमच्याच बाजूला, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी सगळ्यांना माहीत आहेत. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड लावायची त्यांची कल्पना राज्याने २०१७ मध्ये उचलली, आणि ३ डिसेंबर २०२० ला त्यांना ग्लोबल टीचर प्राईझ मिळालं. दहा लाख डॉलरचं बक्षीस, त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकले. आमच्या भागाला या गोष्टीचा अभिमान आहे आणि असायलाच हवा. तालुक्याच्या एका लहानशा वस्तीवरून हे होऊ शकतं हेच मुळात मोठं आहे.

पण कोड म्हणजे दार. दाराच्या पलीकडे काय ठेवलंय तेही बघायला हवं. गणितात बऱ्याचदा पलीकडे व्हिडिओ असतो, आणि व्हिडिओत कुणीतरी फळ्यावर गणित सोडवत असतं. म्हणजे फळा मोबाईलमध्ये आला, पोरगं होतं तिथेच. आजारी पडून शाळा बुडाली तर तो व्हिडिओ उपयोगी आहे, नाकारत नाही. पण फंक्शन बघून कळत नाही, हलवून कळतं.

आणि हलवायची सोय आता फुकट आहे. जिओजेब्रा नावाचं सॉफ्टवेअर ऑस्ट्रियात मार्कुस होहेनवार्टर याने २००१ च्या सुमाराला सुरू केलं. डेसमॉस २०११ चं. दोन्ही साध्या स्मार्टफोनवर चालतात. त्यांत उजनीचं समीकरण टाका आणि मृतसाठ्याच्या जागी एक सरकपट्टी लावा. बोटाने सरकवली की सगळी रेघ डावी-उजवीकडे जाते. मग विचारा, मृतसाठा ६३ ऐवजी ५० धरला असता तर ३१.५ टीएमसीला बातमीत काय आलं असतं? भागायचं ५३.५७ तसंच ठेवलं तर वजा साठऐवजी साधारण वजा पस्तीस. पाणी तेवढंच, आकडा वेगळा! आणि गाळ साठला तर? गाळाने तळातली जागा खाल्ली तर शून्य टक्के म्हणतात तेव्हा खरं पाणी किती? आता रेघ तीच आहे पण तिच्या मागचं धरण बदललंय. कुठलंही सूत्र हे कुणीतरी काही गृहीत धरून केलेलं असतं, हे मुलाला सतराव्या वर्षी कळलं तर मला वाटतं गणित शिकवल्याचं सार्थक झालं.

फक्त एक पथ्य पाळायला हवं. मोबाईल शेवटी काढायचा. आधी हाताने पाच-सहा बिंदू काढायचे, चौकटीच्या कागदावर. मग प्रत्येकाने अंदाज सांगायचा, रेघ कुठे जाईल, कुठे मोडेल. अंदाज वहीत लिहायचा, म्हणजे नंतर "मला माहीतच होतं" म्हणता येत नाही. आणि मग मोबाईलवर बघायचं. असं केलं तर मोबाईल पंचासारखा वागतो. आधीच हातात दिला तर तो सगळी उत्तरं सांगून मोकळा होतो आणि पोरं फक्त रंगीत रेघा बघतात.

यासाठी प्रत्येकाच्या हातात टॅब वगैरे लागत नाही. वर्गात एक फोन पुरतो. हे मुद्दाम लिहितोय, कारण माझ्या माहितीतल्या पुष्कळ घरांत एकच स्मार्टफोन असतो आणि तो आधी वडिलांकडे, मग भावाकडे आणि उरला वेळ तर मुलीकडे येतो. 'घरी मोबाईलवर करून या' म्हटलं की त्या मुलीचा अभ्यास तिथेच संपला. शाळेतला एक फोन आणि प्रत्येकीची वही, हे जास्त न्यायाचं आहे.

आता लोक काय म्हणतील तेही लिहितो. पहिलं, वेळ कुठे आहे? सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. तिथे उजनी विचारत नाहीत. बरोबर आहे. पण दोन तास उजनीवर घालवले तर डोमेन, रेंज, इन्व्हर्स, कॉम्पोझिट या चार गोष्टींची पुढची पाठांतरं वाचतात. हा सौदा मला तरी स्वस्त वाटतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आमच्या घरातल्याच एक शिक्षिका म्हणाल्या, "तुम्ही गोष्ट सांगता, मुलं गोष्ट लक्षात ठेवतात आणि गणित विसरतात. उजनी आली, फंक्शन गेलं." हे होतं, मी बघितलंय. शिवाय पुस्तकांत 'व्यवहारातील उदाहरण' म्हणून जे येतं त्यात खरं काहीच नसतं, नुसते समीकरणाला कपडे घातलेले असतात. माझं उत्तर असं की एकावर थांबू नये. रेल्वे, धरण, ऊस अशी तीन अगदी वेगळी उदाहरणं एकामागून एक घ्या आणि मग विचारा, या तिन्हींत सारखं काय आहे? वेळेवरून जागा, पाण्यावरून टक्के, उताऱ्यावरून दर. एक द्या, एक आणि एकच मिळवा. हे वाक्य मुलांच्या तोंडून आलं की मग फळ्यावर ए आणि बी संच काढा, बाण मारा, व्याख्या लिहा. तेव्हा ती व्याख्या त्यांना आपलीच वाटेल. आणि त्यानंतर उजनी सोडून द्यायलाच हवी. पुढे साइन, लॉग, लिमिट येणार, सगळ्याला धरण पुरणार नाही. नुसत्या चिन्हांत रमता येणं ही गणिताची खरी ताकद आहे, आणि गावातल्या मुलांना ती इतरांपेक्षा कमी मिळावी असं मी मुळीच म्हणत नाही.

मला हे इतकं का लागतं? गावाकडची बरीचशी मुलं इंजिनीयर होणार नाहीत. काही ऊस लावतील, काही कुंकवाच्या कारखान्यात, दुकानात, बँकेत जातील. त्यांना एफ ऑफ एक्स पुन्हा भेटणार नाही. पण कारखान्याची पावती भेटेल. विजेचं बिल भेटेल, त्यातही टप्प्याटप्प्याने दर बदलतो. कर्जाचा हप्ता भेटेल. पीकविम्याचं कोष्टक भेटेल. ही सगळी फलं आहेत आणि ती दुसऱ्या कुणीतरी ठरवलेली आहेत. कोपरा कुठे आहे, तो तिथेच का आहे, दहा रुपये इकडे सरकले तर तिकडे काय होतं, हे विचारता येणारा माणूस आणि नुसता शेवटचा आकडा बघून सही करणारा माणूस, यांत फार फरक पडतो. मी आमच्या वाडवडिलांना सही करताना बघितलंय. हिशेबाला ते माझ्यापेक्षा पक्के होते, पण कागदावरची रेघ त्यांना कुणी वाचायला शिकवली नव्हती.

असो, फार लांबलं. नातेवाईक मंडळींना एक विनंती. जूनच्या शेवटी पाऊस सुरू झाला की घरातल्या पोरांना चौकटीचा कागद द्या आणि रोज बातमीतला उजनीचा आकडा एका टिंबाने लावायला सांगा. बाकी काही शिकवू नका. सप्टेंबरपर्यंत नव्वदेक टिंबं होतील. आधी सपाट, मग अचानक उभी चढलेली, मग वर जाऊन आडवी झालेली. दुसऱ्या गावांतल्या मित्रांनी आपापलं धरण घ्यावं, कोयना घ्या, जायकवाडी घ्या. कागद जपून ठेवा. अकरावीला लागेल.